सांडलेला उजेड

दिवा लावणे ही माणसाची जुनी विद्या. दिव्याला आडोसा करणे हीही तितकीच जुनी. घरात एकच कंदील असे, त्या काळी निजलेल्या मुलाच्या डोळ्यांवर उजेड येऊ नये म्हणून काचेला त्या बाजूने एक पोस्टकार्ड टेकवून ठेवीत. पलीकडे थोरल्याचा अभ्यास चाले, आजीचे तांदूळ निवडणे चाले आणि धाकटे सुखाने झोपे. उजेड हवा तेथे पडावा, नको तेथे सांडू नये, एवढेच त्या पोस्टकार्डाचे काम. छायाचित्रकाराच्या फ्लॅशला हे साधे शहाणपण यायला मात्र बराच काळ लागला. त्याचीच ही हकीकत.

छायाचित्रकलेचे पहिले दिवस सूर्याच्या मेहेरबानीवर गेले. पुढे मॅग्नेशियम नावाच्या धातूची तार पेटवली तर डोळे दिपवणारा पांढरा उजेड पडतो, हे ध्यानात आले. १८६५ साली चार्ल्स पियाझी स्मिथ या ज्योतिर्विदाने मॅग्नेशियम जाळून इजिप्तच्या थोरल्या पिरॅमिडच्या पोटातील काळोखाची छायाचित्रे घेतली. पण तार हळूहळू जळे आणि धूर फार होई. १८८७ साली जर्मनीत गेडिके आणि मीथे यांनी मॅग्नेशियमच्या भुकटीत पोटॅशियम क्लोरेट आणि अँटिमनी सल्फाइड मिसळून एका क्षणात भडकणारी पूड तयार केली. वाचकहो, यातली शेवटची दोन द्रव्ये काडेपेटीच्या गुलातही असत. तेव्हा ही पूड म्हणजे आपल्या शोभेच्या दारूची सख्खी बहीणच म्हणा ना!

या पुडीची बातमी न्यूयॉर्कमधील जेकब रीस या वार्ताहराने वर्तमानपत्रात वाचली. रीस मूळचा डेन्मार्कचा. पोलीस कचेरीच्या बातम्या देता देता मलबरी स्ट्रीटच्या गलिच्छ वस्तीत माणसे कशी राहतात, हे त्याने पाहिले होते. लिहून लोकांना खरे वाटेना. दाखवायचे तर रात्री त्या खोल्यांत सूर्य कोठून आणायचा? ती सोय आता झाली. मध्यरात्री चार-सहा अनोळखी माणसे दार उघडून आत शिरत, पिस्तुलासारख्या यंत्रातून दारू उडवीत आणि झोपेतून दचकून उठलेले लोक खिडक्यांतून पळ काढीत. पुढे रीसने ते पिस्तूल टाकून दिले आणि पूड चक्क तळणीच्या तव्यात घालून पेटवू लागला. एकदा आंधळ्यांच्या बिऱ्हाडात त्याच्या हातून आगही लागली.

१८९० साली त्याचे पुस्तक निघाले. बायार्ड स्ट्रीटवरील एका कोंदट खोलीचे त्याचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. पाच सेंट देऊन रात्रीपुरती पथारी मिळवलेली माणसे दाटीवाटीने पडली आहेत. कोणी डोळे किलकिले केले आहेत, कोणी अर्धवट उठला आहे. उजेड आवरण्याचे साधन रीसजवळ नव्हते, म्हणून तो सगळीकडे सांडला: बुटांवर, भांड्यांवर, भिंतीच्या पोपड्यांवर. आणि गंमत अशी, की त्या सांडलेल्या उजेडानेच साक्ष दिली. मलबरी बेंडची ती वस्ती पाडली गेली आणि १८९७ साली तेथे बाग झाली. मात्र ज्यांच्या झोपेवर तो उजेड पडला, त्यांना कोणी विचारले नव्हते. उजेडाचे उपकार आणि उजेडाची जबरदस्ती अशी एकाच तव्यातून वर आली.

१९२९-३० च्या सुमारास दारूच्या जागी बल्ब आला. काचेच्या फुग्यात प्राणवायू भरायचा आणि आत मिठाईवर लावतात तसला, पण ॲल्युमिनियमचा, पातळ वर्ख चुरगळून ठेवायचा. विजेची ठिणगी मिळाली की वर्ख भप्पकन जळे. धूर नाही, आवाज नाही; एक बल्ब, एक छायाचित्र. पण चकचकीत वाटीतून समोर फेकलेला हा उजेड स्वभावाने रांगडाच राहिला. त्याचे गणित असे : दिव्यापासून ४ फुटांवर जितका उजेड पडतो, त्याचा चौथा हिस्सा ८ फुटांवर पडतो आणि १२ फुटांवर नववा. म्हणून पुढच्याचे नाक पांढरेफटक, मागचे सारे घर काळोखात आणि पाठीमागच्या भिंतीवर भुतासारखी सावली!

या बल्बाची १९४६ साली पुण्यात एक परीक्षाच झाली. मार्गारेट बर्क-व्हाइट या अमेरिकन छायाचित्रकार बाई गांधीजींचे चित्र घ्यायला आल्या होत्या. आधी चरखा चालवायला शिका, अशी त्यांना अट पडली. ती त्यांनी पाळली. तो गांधीजींच्या मौनाचा दिवस होता, आणि झगझगीत उजेड त्यांना सोसत नसे. पुष्कळ विनवण्या केल्यावर फक्त तीन बल्बांची परवानगी मिळाली. पहिले दोन वाया गेले, तिसरा साधला. त्याच भेटीतले, पुढे चरखा आणि मागे कात्रणे वाचत बसलेले गांधीजी असे चित्र पुढे जगभर गेले. त्या खोलीत उजेड मोजून घ्यावा लागला, हे मला फार मोलाचे वाटते.

पुढे ३० जानेवारी १९४८ ची रात्र आली. दिल्लीला गांधीजींच्या देहाजवळ माणसे शोक करीत बसली असता याच बाईंचा फ्लॅश उडाला. लोक संतापले आणि फिल्म काढून घेतली गेली. त्याच दिवसांत दिल्लीत असलेले फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ फ्लॅश वापरीतच नसत. जो उजेड जागेवर आहे त्याचा मान राखावा म्हणून आपण फ्लॅशला हात लावत नाही, असे त्यांनी १९५२ च्या आपल्या पुस्तकात सांगितले. तेव्हा बल्ब उडवणे म्हणजे परक्या घरात पाऊल टाकणे आहे, ही जाणीव तोवर जागी झाली होती.

मग ज्यांचे फ्लॅशवाचून चालत नसे त्यांनी काय केले? त्यांनी आडोसा शोधला. कोणी वाटीवर रुमाल टाकून उजेड मऊ केला. कोणी फ्लॅशचे तोंड छताकडे वळवले. पांढऱ्या छतावरून तो उजेड सावकाश खाली उतरतो आणि सावलीची धार बोथट होते. एजर्टन या अमेरिकन प्राध्यापकाने १९३० नंतरच्या दशकात पुन्हा पुन्हा उडणारा विजेचा फ्लॅश पुढे आणला. त्याचा पुढे मुठीएवढा डबा झाला, आणि तो कॅमेऱ्यापासून दूर नेऊन ठेवता येऊ लागला. पण लहानशा खोलीत एक अडचण राहिली. डब्यातला उजेड बाजूला सांडतो, पांढऱ्या भिंतींवर आपटून चहूकडून परत येतो आणि हवी असलेली सावलीही धुऊन नेतो.

उपाय अगदी पोस्टकार्डाचा. फ्लॅशच्या ज्या कडेने उजेड नको, तिकडे काळा पुठ्ठा उभा करायचा. पांढरा लावला तर तोच उजेड फेकील. उजेडाचा लहान गोल हवा असेल तर काळ्या कागदाची नळी करून तोंडावर बसवायची. नळी जितकी लांब तितका गोल लहान. नाहीतर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी खोल घरांची काळी जाळी लावायची. तिरके किरण घरांच्या भिंतींवर अडतात आणि सरळ तेवढेच पुढे जातात. या साऱ्यांत उजेडात कणाचीही भर पडत नाही. केवळ नको तो वजा होतो.

आज फ्लॅश प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहे आणि पाडव्याच्या संध्याकाळी घरोघर तो लखलखतो. ओवाळणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर निरांजनाचा पिवळा उजेड खालून चढलेला असतो. फ्लॅश उडाला की तो नाहीसा होतो, निरांजनाची ज्योत फिकी पडते आणि ओवाळून घेणारा डोळे मिचकावतो. यंदा त्या घटकेपुरता फ्लॅश बंद ठेवून पाहावा. हात थोडा स्थिर धरावा लागेल, चित्र थोडे अंधारे येईल. पण तबकातल्या ज्योतींचा उजेड ज्याच्या-त्याच्या चेहऱ्यावर शाबूत राहील.