पुणे कराराची प्राथमिक निवडणूक आणि आपले अर्धवट राहिलेले ऐक्य

निवडणूक जवळ आली की आपल्या वस्तीत एक शब्द हमखास ऐकू येतो. ऐक्य. सोलापुरात थोरल्या राजवाड्यापासून हद्दवाढ भागातल्या नव्या वसाहतींपर्यंत विहारांत बैठका होतात, "आता तरी एक व्हा" असे ज्येष्ठ मंडळी कळकळीने सांगतात, टाळ्या पडतात. अर्ज भरायच्या दिवशी मात्र एकाच प्रभागात तीन-तीन निळे उपरणेवाले रांगेत उभे असतात. अशाच एका बैठकीत गिरणीतून निवृत्त झालेल्या एका आजोबांनी मला विचारले होते, "पोरा, एक व्हा म्हणता, पण तिघांतला कोण बसणार हे ठरवायचं कुणी?"

समाजशास्त्राची पदवी घेतलेल्या माझ्याकडे त्या दिवशी उत्तर नव्हते. हा लेख त्या प्रश्नावर आहे.

आपण समजतो की पक्षांतर्गत उमेदवार मतदानाने निवडण्याची पद्धत, म्हणजे प्रायमरी, ही अमेरिकेची गोष्ट आहे. वस्तुस्थिती अशी की या देशात कायद्याने प्राथमिक निवडणूक घेण्याची सोय झाली होती, आणि ती फक्त अस्पृश्य मतदारांसाठी होती. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारातच ती होती. करार म्हटला की आपल्याला गांधींचे उपोषण आठवते, स्वतंत्र मतदारसंघ गेले ते आठवते, १४८ राखीव जागा आठवतात. पण करारातील प्राथमिक निवडणुकीच्या कलमावर आपण फारसे बोलत नाही.

कलम असे होते. प्रत्येक राखीव जागेसाठी आधी त्या मतदारसंघातील केवळ अस्पृश्य मतदारांनी मतदान करायचे. प्रत्येकाला एक मत. ज्यांना सर्वाधिक मते पडतील अशा चार जणांचे पॅनेल तयार व्हायचे. मग अंतिम निवडणुकीत या चौघांतून एक जण सर्व हिंदू मतदारांच्या संयुक्त मतांनी निवडला जायचा. ही पद्धत मुदतीची होती, दहा वर्षांनी ती संपायची होती.

यातली मेख नीट समजून घ्या. प्राथमिक फेरीत पहिला आलेला आणि चौथा आलेला, दोघेही अंतिम फेरीत सारखेच. समाजाने ज्याला भरभरून मते दिली तो आणि ज्याला जेमतेम मते पडली तो, दोघांच्या पाठीवर शिक्का एकच. अंतिम फेरीत बहुसंख्य मतदार सवर्ण. म्हणजे समाजाने चौथ्या क्रमांकावर ढकललेला माणूस सवर्णांच्या मतांवर समाजाचा प्रतिनिधी म्हणून कायदेमंडळात जाऊ शकत होता. निवडायचे आम्ही, ठरवायचे दुसऱ्यांनी!

बाबासाहेबांना हा धोका पहिल्यापासून दिसत होता. मतदारसंघांची आखणी करणाऱ्या हॅमंड समितीपुढे वाद झाला तो याच आकड्यावरून. चार म्हणजे किमान चार की कमाल चार? किमान चार मानले असते तर अस्पृश्यांनी एकमताने एकच उमेदवार दिला तरी निवडणूकच होऊ शकली नसती, समाजाला जबरदस्तीने आपल्यातच चार तुकडे पाडावे लागले असते. बाबासाहेबांनी त्याला विरोध केला आणि समितीने ते मान्य केले. चारपेक्षा जास्त उमेदवार असतील तरच प्राथमिक फेरी, नाहीतर थेट अंतिम निवडणूक. दुसरा वाद मत देण्याच्या पद्धतीचा. मुंबई प्रांतात एकत्रित मतदानाची पद्धत आली. जितक्या जागा तितकी मते, आणि ती सगळी एकाच उमेदवाराला देण्याची मुभा. अल्पसंख्य पण संघटित मतदाराला या नियमाने ताकद दिली.

याचा परिणाम १९३७ मध्ये दिसला. १९३६ साली स्थापन झालेल्या स्वतंत्र मजूर पक्षाने १७ जागा लढवून १४ जिंकल्या. मुंबई प्रांतातील १५ राखीव जागांपैकी ११ पक्षाकडे आल्या. आपल्या सोलापुरातून जिवाप्पा ऐदाळे निवडून गेले. आदल्या वर्षी जन्मलेल्या पक्षाने काँग्रेसच्या लाटेत हे करून दाखवले.

पण खुद्द बाबासाहेबांची निवडणूक सोपी नव्हती. मुंबईत त्यांच्यासमोर काँग्रेसने पळवणकर बाळू यांना उभे केले. बाळू म्हणजे त्या काळातले मोठे क्रिकेटपटू, चर्मकार समाजातले आणि पुणे करारावर सही करणाऱ्यांपैकी एक. बाबासाहेबांना १३,२४५ मते, बाळूंना ११,२२५. फरक २,०२० चा. हा आकडा आपण लपवू नये, अभ्यासावा. अस्पृश्यांमधील जातींची फूट किती खोल होती आणि विरोधक तिचा वापर किती हुशारीने करत होते, ते यातून कळते. बाळूंना गद्दार म्हणून मोकळे होणे सोपे आहे. ज्या समाजातून ते आले तो समाज आपल्यापासून दूर का राहिला, हा प्रश्न अवघड आहे आणि तोच खरा आहे.

१९४५-४६ च्या निवडणुकीत पुणे कराराचे खरे रूप उघडे पडले. १९४२ मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनचे उमेदवार काही ठिकाणी प्राथमिक फेरीत पुढे होते आणि अंतिम फेरीत काँग्रेसचे उमेदवार निवडून आले. देशभरातल्या १५१ राखीव जागांपैकी फेडरेशनच्या हाती दोन लागल्या. बाबासाहेबांनी ब्रिटिश सरकारपुढे वारंवार मांडले की अस्पृश्यांचे मत बघायचे असेल तर अंतिम निकाल पाहू नका, प्राथमिक फेरी पाहा. पण सत्तेने अंतिम आकडाच मोजला.

यातून आपण काय घ्यायचे? प्राथमिक निवडणूक असणे पुरेसे नाही. तिचा निकाल बंधनकारक नसेल, हरलेल्याला मागच्या दाराने पुन्हा उभे राहता येत असेल, तर ती निवडणूक समाजाला जोडत नाही, विरोधकाला आपल्यातले नाराज शोधून देते.

ही खोड फक्त आपलीच आहे असे मात्र नाही. १९३९ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी सुभाषबाबू आणि पट्टाभी सीतारामय्या यांच्यात थेट मतदान झाले. सुभाषबाबूंना १,५८० मते मिळाली, ते सुमारे दोनशे मतांनी जिंकले. गांधींनी तो आपला पराभव मानला, कार्यकारिणीतील सहकाऱ्यांनी साथ सोडली आणि काही महिन्यांत निवडून आलेल्या अध्यक्षाला राजीनामा द्यावा लागला. उलट २००८ मध्ये अमेरिकेत ओबामा आणि हिलरी क्लिंटन यांच्यात महिनोन्महिने चुरस चालली, पण निकाल लागल्यावर हिलरींनी माघार घेतली आणि पक्षाच्या अधिवेशनात ओबामांच्या नावाला स्वतः पाठिंबा मागितला. तिथले लोक काही आपल्यापेक्षा सज्जन नाहीत. मोजणी सगळ्यांसमोर झाली होती आणि हरलेल्यालाही पुढे जागा होती, एवढाच फरक.

आता आपल्या घरात येऊ. १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत उत्तर मुंबईत बाबासाहेब काँग्रेसच्या काजरोळकरांकडून सुमारे चौदा हजार मतांनी पराभूत झाले. त्याच निवडणुकीत फेडरेशनचे देशभरात दोनच खासदार आले. एक करीमनगरचे, दुसरे आपल्या सोलापूरचे पां. ना. राजभोज. सोलापूरकर तरुणांपैकी किती जणांना हे माहीत आहे? तेव्हा मतदारसंघ दोन जागांचा होता. सर्वसाधारण जागेवर शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे आले, राखीव जागेवर राजभोज. आता दोन मते एकाच उमेदवाराला देता येत नव्हती, म्हणून इतर समाजाच्या मतांशिवाय विजय शक्य नव्हता. आणि राजभोज कोण? चर्मकार समाजातले, १९३२ मध्ये गांधींच्या बाजूने उभे राहिलेले, नंतर बाबासाहेबांबरोबर येऊन फेडरेशनचे सरचिटणीस झालेले. काल विरोधात असलेल्या माणसाला बाबासाहेबांनी पक्षाचे मोठे पद दिले. ते पुढे काँग्रेसमध्ये गेले हेही खरे. पण १९५२ चे सोलापूर सांगते की मतभेद झालेल्या माणसासाठी दार बंद न ठेवणारा पक्ष जातीच्या भिंती ओलांडून जिंकू शकतो.

बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. त्याच वर्षी दादासाहेब गायकवाड नाशिकमधून आणि बी. सी. कांबळे कोपरगावमधून लोकसभेत गेले. दोनच वर्षांत या दोघांच्या नावाने पक्षाचे दोन तुकडे झाले. एका बाजूला भूमिहीनांचे लढे, डाव्यांशी जवळीक. दुसऱ्या बाजूला घटनात्मक मार्गाचा आग्रह आणि शिकलेल्यांचे नेतृत्व. लोकांनी त्याला दुरुस्त आणि नादुरुस्त अशी नावे दिली. माझे मत असे की हा वाद खोटा नव्हता. दोन्ही बाजूंना मुद्दा होता. पण गावागावातल्या सभासदांच्या मताने हा वाद सोडवायची वाट पक्षाने बांधलीच नव्हती. म्हणून प्रत्येक मतभेदाचा गट झाला आणि प्रत्येक गटाला नेत्याचे नाव लागले: खोब्रागडे गट, गवई गट, कांबळे गट.

ऐक्य झाले नाही असेही नाही. १९९८ च्या लोकसभेत बाळासाहेब आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे आणि रामदास आठवले असे चार जण राखीव नसलेल्या मतदारसंघांतून निवडून आले. काँग्रेसशी समझोता होता, तरी एकत्र आलेल्या निळ्या झेंड्याची ताकद देशाने पाहिली. पुढच्याच वर्षी ऐक्य विस्कटले. बाळासाहेब अकोल्यातून, आठवले आपल्या जिल्ह्यातल्या पंढरपूरमधून आले. गवई आणि कवाडे यांच्या जागा गेल्या. हे ऐक्य नेत्यांच्या बैठकीत जन्मले होते, म्हणून ते नेत्यांच्या बैठकीतच मेले. कार्यकर्त्याला जोडताना विचारले नव्हते, तोडतानाही विचारले नाही.

२०१९ मध्ये बाळासाहेब सोलापुरात उभे राहिले. भाजपच्या उमेदवाराला ५,२४,९८५, सुशीलकुमार शिंदेंना ३,६६,३७७ आणि बाळासाहेबांना १,७०,००७ मते. विजयाचा फरक १,५८,६०८. लगेच आरोप सुरू झाला, वंचितने मते खाल्ली. ही भाषाच अपमानाची आहे. मत कुणाच्या ताटातला घास नसतो, ते मतदाराचे असते. पण हे ठणकावून सांगितल्यावर आरशातही पाहावे लागते. २०२४ मध्ये इथल्या वंचितच्या उमेदवाराने ऐनवेळी अर्ज मागे घेतला आणि काँग्रेसच्या प्रणिती शिंदे ७४,१९७ मतांनी जिंकल्या. उभे राहणे बरोबर होते की मागे घेणे, यावर वस्तीत आजही भांडणे होतात. माझा प्रश्न वेगळा आहे. या दोन्ही निर्णयांत पत्रके वाटणाऱ्या, भिंती रंगवणाऱ्या पोराचे मत कुठे मोजले गेले?

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. सुरुवात प्रभागापासून करा. सभासदांची यादी विहाराच्या भिंतीवर लावा. इच्छुकांना एका मंचावर बोलवा, प्रश्न विचारा, गुप्त मतदान घ्या, मोजणी सर्वांसमोर करा. त्याआधी प्रत्येक इच्छुकाकडून सर्वांसमक्ष शब्द घ्या की हरलो तरी अर्ज भरणार नाही, जिंकलेल्याचा प्रचार करीन. आणि जिंकलेल्याने हरलेल्याला प्रचारसमितीत मानाची जागा द्यायची. दोन मतांनी हरलेला माणूस म्हणजे जवळपास निम्मी वस्ती आहे, हे विसरायचे नाही. यात बौद्धांबरोबर मातंग, चर्मकार, मुस्लीम, भटके सभासद नसतील, तर ती निवडणूकही अपुरीच.

काही जण म्हणतील, यात फूट वाढेल, पैसा चालेल. पैसा आजही चालतो, फक्त बंद खोलीत. फूट आजही आहे, फक्त ती मोजलेली नाही. संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीबद्दल देशाला सावध केले होते. तो इशारा आपण इतरांना ऐकवतो, स्वतःच्या पक्षाला लावत नाही. पुणे करारात निवड आपली होती आणि निकाल दुसऱ्यांच्या हातात होता. आज निकाल आपल्या हातात घ्यायला कोणाचे उपोषण आडवे येत नाही. आडवे येतो ते आपणच.

त्या आजोबांना आता उत्तर देता येईल. तिघांतला कोण बसणार ते वस्ती ठरवेल, मत देऊन. आणि जो बसेल तो घरी बसणार नाही.

जय भीम!