स्थानिक वृत्तग्रंथ, चिनी
चीनमधील प्रांत, जिल्हा किंवा तालुका अशा एकेका मुलखाची साद्यंत माहिती देणारे ग्रंथ (दिफांगझी). सोंग काळात (९६०–१२७९) त्यांचा साचा पक्का झाला. १९४९ पूर्वीचे आठ हजारांहून अधिक ग्रंथ उपलब्ध असून बहुतेक छिंग काळातले (१६४४–१९११) आहेत.

नकाशे, नद्या, करआकारणी, देवळे, पिके, अधिकाऱ्यांच्या याद्या, पतिव्रतांची चरित्रे, पूर-दुष्काळ असे सारे त्यांत येई. अधिकाऱ्याच्या पुढाकाराने स्थानिक विद्वान मजकूर जमवीत. हा निव्वळ भूगोल नव्हे, इतिहासच आहे, असा आग्रह इतिहासकार चांग श्वेचंग (१७३८–१८०१) यांनी धरला.

या नोंदींतून अनपेक्षित गोष्टी हाती लागतात. टोळदेवतांची नोंदलेली देवळे नकाशावर मांडून भूगोलज्ञ चेन झेंगशियांग यांनी टोळधाडीचा पट्टा दाखवला: पिवळ्या नदीच्या खालच्या खोऱ्यात देवळांची दाटी, आग्नेय किनाऱ्यावर जवळपास शुकशुकाट.

आकडे मात्र डोळे झाकून घेता येत नाहीत. लोकसंख्येच्या नोंदींतले ‘तिंग’ म्हणजे डोकी नव्हेत, तर बहुतांशी कराचे एकक, हे इतिहासकार हो पिंग-ती यांनी १९५९ मध्ये दाखवून दिले. जुन्या आवृत्तीतला मजकूर जसाच्या तसा उतरवण्याची खोडही होती. शिवाय लिहिणारे प्रतिष्ठित घरांतले. त्यामुळे कुळे आणि मजूर क्वचितच दिसतात.