केस कोण कापतं?

परदेशात शिकायला आलेल्या बहुतेकांकडे हा किस्सा असतो: सलूनचे दर बघून डोळे पांढरे झाले, मग रूममेटनेच मशीन फिरवली. माझ्या पीएचडीच्या काळात आमच्या बाथरूमबाहेर रविवारी रांग लागायची. पैसे वाचायचे आणि गप्पाही व्हायच्या. परक्या गावातली माझी पहिली ओळखीची माणसं त्या रांगेतलीच.

पण घरी केस कापण्याचा दुसराही इतिहास आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये साताऱ्यातलं, 1901 च्या सुमाराचं बालपण सांगितलंय. गावात न्हावी होते, त्यांना द्यायला घरात पैसेही होते. पण अस्पृश्य ठरवलेल्या मुलाच्या डोक्याला कोणी हात लावायला तयार नव्हतं. मग थोरली बहीणच भावंडांचे केस कापायची. सरावाने तिचा हात बसला होता.

गांधीजींना प्रिटोरियात गोऱ्या न्हाव्याने नकार दिला. त्यांनी मशीन विकत घेतली आणि आरशासमोर स्वतःच केस कापले. मागची बाजू पार बिघडली, कोर्टात मित्र हसले. तरी त्या न्हाव्यावर ते चिडले नाहीत. आपल्याकडे तरी आपण न्हाव्यांना अस्पृश्यांचे केस कुठे कापू देतो, असं त्यांनी आत्मकथेत लिहिलंय.

आपली काटकसर ही आपली निवड आहे. त्या बहिणीला निवड नव्हती. म्हणून पुढच्या रविवारी खुर्ची मांडाल तेव्हा एवढंच बघा: आपल्या रांगेत कोण आहे, आणि कोणाला आपण बोलावलंच नाही?