ब्रेमेन

जर्मनीच्या १६ घटकराज्यांपैकी सर्वांत लहान राज्य. अधिकृत नाव ‘स्वतंत्र हान्सा नगर ब्रेमेन’ (हान्सा म्हणजे मध्ययुगीन व्यापारी नगरांचा संघ). क्षेत्रफळ सुमारे ४१९ चौ. किमी.; लोकसंख्या सुमारे ७ लाख. बर्लिन आणि हांबुर्ग यांच्याप्रमाणे हेही नगरराज्य. पण यात शहरे दोन आहेत. एक वेझर नदीकाठचे ब्रेमेन, दुसरे तिच्या मुखाशी सुमारे ६० किमी. अंतरावरचे ब्रेमरहाफेन. मधला सारा मुलूख लोअर सॅक्सनी राज्याचा.

ही रचना नकाशावर विचित्र दिसते, पण तिच्यामागे बंदराची निकड आहे. वेझरचे पात्र गाळाने उथळ होत गेले आणि मोठी जहाजे शहरापर्यंत येईनाशी झाली. तेव्हा महापौर योहान स्मिट यांनी १८२७ मध्ये शेजारच्या हॅनोव्हर राज्याकडून मुखाजवळची जमीन विकत घेतली व तेथे नवे बंदर बांधवले. युरोपातले ७० लाखांहून अधिक लोक पुढे याच बंदरातून परदेशी, मुख्यतः अमेरिकेला गेले. ब्रेमरहाफेनमधील सागरी बंदराचा मोठा भाग आजही ब्रेमेन शहराच्या मालकीचा आहे.

नगराच्या हक्कांचे प्रतीक असलेला रोलांडचा दगडी पुतळा १४०४ पासून बाजारचौकात उभा आहे. तो व नगरभवन यांना २००४ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. हे हक्क टिकतीलच याची शाश्वती मात्र कधीच नव्हती. ल्यूबेक हे असेच जुने हान्सा नगर. १९३७ मध्ये नाझी राजवटीने त्याचे राज्यपद काढून घेतले आणि ते परत मिळाले नाही. ब्रेमेन वाचले ते पुन्हा बंदरामुळे. दुसऱ्या महायुद्धानंतर भोवतालचा प्रदेश ब्रिटिशांच्या ताब्यात होता. अमेरिकनांना स्वतःसाठी बंदर हवे होते, म्हणून ही दोन शहरे त्यांच्याकडे आली आणि १९४७ मध्ये राज्य पुन्हा उभे राहिले. महापौर विल्हेल्म कायझेन यांचा यातील वाटा मोठा.

दिल्ली वा चंदीगढसारखा हा केंद्रशासित प्रदेश नव्हे. त्याला स्वतःचे संविधान आहे, शाळा व पोलीस राज्याच्या हाती आहेत आणि बुंडेसराट या घटकराज्यांच्या संघीय सभागृहात ३ मते आहेत. विधिमंडळात ब्रेमेन शहरातून निवडून आलेले सदस्यच त्या शहराची नगरसभाही चालवतात. ब्रेमरहाफेनची नगरसभा आणि महापौर वेगळे आहेत. निवडणुकीत ५ टक्के मतांची अटही दोन्ही शहरांत स्वतंत्रपणे मोजली जाते. त्यामुळे एकाच शहरात ती ओलांडणारा पक्षही विधिमंडळात पोहोचतो.

पुढे येथील जहाजबांधणी ढासळली, १९८३ मध्ये ‘आ. गे. वेझर’ ही मोठी गोदी बंद पडली आणि राज्य कर्जात रुतले. १९९२ मध्ये घटनात्मक न्यायालयाने ही आर्थिक आणीबाणी मान्य करून संघराज्याने मदत करावी असे ठरवले. तरीही केवळ तिजोरी पाहून ब्रेमेनला ओझे म्हणणे अन्यायाचे आहे. रोज शेजारच्या राज्यातून येथे कामाला येणाऱ्यांचा आयकर, १९६९ च्या वित्तसुधारणेपासून, ते राहतात त्या राज्याच्या वाट्याला जातो. लोअर सॅक्सनीत विलीन होण्याची चर्चा अधूनमधून उठते. त्यासाठी मूलभूत कायद्यानुसार, म्हणजे जर्मनीच्या संविधानानुसार, दोन्ही राज्यांत सार्वमत घ्यावे लागेल.