हिप्परग्याचे हेडमास्तर

संन्यासी आणि हेडमास्तर ही दोन माणसे एकाच अंगरख्यात मावतील, अशी कल्पना आपण सहसा करीत नाही. संन्याशाने घर सोडावयाचे, नाव सोडावयाचे, रानाची वाट धरावयाची. हेडमास्तराने घंटा वेळेवर होते की नाही ते पाहावयाचे, हजेरीपटावर सह्या करावयाच्या, फी थकलेल्या मुलाच्या बापाला समजावावयाचे. आमच्या धाराशिव जिल्ह्यात मात्र असा एक माणूस होऊन गेला की, ज्याने भगवी वस्त्रे घेतली आणि मुख्याध्यापकाची खुर्ची सोडली नाही. दिवाळीच्या फराळाबरोबर त्याची कथा वाचावयास हरकत नसावी.

त्यांचे मूळचे नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. जन्म 3 ऑक्टोबर 1903 चा, विजापूर जिल्ह्यातील सिंदगीचा. 1920 साली लोकमान्य गेले. त्या दिवशी या सोळा वर्षांच्या मुलाने आजन्म ब्रह्मचारी राहून देशाचे काम करण्याची शपथ घेतली. सतराव्या वर्षी शपथा पुष्कळ जण घेतात. एकविसाव्या वर्षी त्यांतल्या किती शिल्लक उरतात, हे आम्हा मास्तर मंडळींना चांगले ठाऊक आहे. यांची उरली. असहकाराच्या हाकेसरशी त्यांनी सरकारी शाळा सोडली, अमळनेरच्या राष्ट्रीय शाळेत शिकले आणि तेथून पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात दाखल झाले. लोकशाहीचा विकास हा विषय घेऊन त्यांनी तेथे एम. ए. चा प्रबंध लिहिला.

मी स्वतः मॅट्रिकच्या उंबरठ्याबाहेर पाऊल टाकलेले नाही, त्यामुळे पदवीधरांविषयी मला थोडे अधिक कुतूहल असते. टिळक विद्यापीठ 1921 मध्ये निघाले ते सरकारी विद्यापीठांना पर्याय म्हणून. त्या वेळी त्याच्या पदवीवर सरकारी नोकरी मिळावयाची नाही. म्हणजे ही पदवी घेणाऱ्याने आरंभीच एक दार स्वतःच्या हाताने लावून घेतलेले असावयाचे. खेडगीकरांनी काही काळ कामगारांचे पुढारी ना. म. जोशी यांचे चिटणीस म्हणून काम केले, आणि 1929 च्या सुमारास ते हिप्परग्याला आले.

हे हिप्परगा आज लोहारा तालुक्यात मोडते. तेव्हा ते निजामाच्या मुलखात होते. इकडे सोलापूर ब्रिटिशांचे, तिकडे उस्मानाबाद निजामाचे, मध्ये सरहद्द. सरहद्दीपलीकडे सभा भरत, वर्तमानपत्रे निघत. अलीकडे साध्या सभेलाही परवानगी काढावी लागे. वरचे शिक्षण उर्दूतून होई आणि 1918 साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दूचेच. घरी मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याच्या पोराला भाषेचा पहिलाच डोंगर एवढा उंच की, पुढचे डोंगर त्याच्या नजरेसही पडू नयेत! अशा मुलखात 1921 साली व्यंकटराव देशमुख, अनंतराव कुलकर्णी प्रभृतींनी एका खेड्यात राष्ट्रीय शाळा काढली. त्या शाळेचे हेडमास्तर म्हणून हा एम. ए. झालेला तरुण आला. बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे सहकारी तेथे होते. पुढे मराठवाड्याच्या लढ्यात जी नावे आपण ऐकतो, त्यांतील कित्येक असल्या शाळांच्या फळ्यासमोरून उठून आलेली आहेत. माझ्या मते हैदराबादचा लढा अशा वर्गांत आधी सुरू झाला आणि मैदानात नंतर उतरला.

याच हिप्परग्याला 14 जानेवारी 1932 रोजी खेडगीकरांनी संन्यासदीक्षा घेतली. दीक्षा दिली ती स्वामी रामतीर्थांचे शिष्य नारायणस्वामी यांनी. रामतीर्थ हे लाहोरला गणिताचे प्राध्यापक होते. प्राध्यापकी सोडून ते संन्यासी झाले, अमेरिकेपर्यंत जाऊन वेदान्त सांगून आले आणि 1906 साली ऐन दिवाळीच्या दिवशी टिहरीजवळ गंगेत त्यांचा देह गेला. त्यांच्या परंपरेतला हा नवा संन्यासी, नाव रामानंद तीर्थ. गुरूच्या गुरूने नोकरी सोडून भगवे घेतले होते; याने भगवे घेतले आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा मुलांत आला. माझ्या मनाला हा फरक फार मोठा वाटतो. घरदार, जमीन, नातीगोती यांचे ओझे उतरवून ठेवावयाचे ते हलके होऊन पळून जाण्यासाठी नव्हे, दुसऱ्याचे ओझे उचलावयास खांदा मोकळा असावा म्हणून, असा त्यांचा हिशेब दिसतो.

1935 साली ते मोमिनाबादेस, म्हणजे आजच्या अंबाजोगाईस, योगेश्वरी विद्यालयात गेले. तेथेही मास्तरकीच. मग 1938 साली महाराष्ट्र परिषदेचे अधिवेशन लातूरला भरले. लातूर त्या काळी उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. वेगळा जिल्हा झाला तो 1982 साली. त्या वर्षापासून स्वामीजींनी राजकारणात उडी घेतली. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर जन्मण्यापूर्वीच बंदी आली, ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला आणि ते तुरुंगात गेले.

येथे थोडे थांबावयास हवे. निजाम सरकारचे म्हणणे असे की, ही काँग्रेस म्हणजे एका धर्माच्या लोकांची संघटना आहे. त्याच वेळी आर्य समाज आणि हिंदू महासभा यांचेही सत्याग्रह संस्थानात चालू होते. पुढारी तर भगव्या वस्त्रातला! सरकारला याहून सोयीचे काय असणार? गांधीजींनी सल्ला दिला की, धार्मिक लढ्यांशी आपली गल्लत होऊ देऊ नका. आणि डिसेंबर 1938 मध्ये स्टेट काँग्रेसने आपला सत्याग्रह थांबविला. तुरुंग भरत आले असताना चळवळ आवरणे हे तरण्या रक्ताला किती जड गेले असेल! पण स्वामीजींनी उभ्या आयुष्यात धर्माच्या नावाने एकही मोर्चा काढला नाही. भगवा रंग त्यांच्या अंगावर होता, चळवळीच्या झेंड्यावर त्यांनी तो चढू दिला नाही.

ही सावधगिरी व्यर्थ नव्हती. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी हाही लातूरचाच वकील. त्याच्या माणसांनी खेडीपाडी लुटली, जाळली. सोलापूर-बार्शीच्या सरहद्दीवर आमच्या पोरांनी छावण्या उभारल्या. 13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय फौज सोलापूरकडून नळदुर्गावर आली आणि 17 तारखेला निजाम शरण गेला. तो दिवस आपण दर वर्षी साजरा करतो. परंतु त्यानंतरच्या दिवसांत ज्यांचा रझाकारीशी काडीचाही संबंध नव्हता अशा मुसलमान कुटुंबांवर जे कोसळले, ते आपण फारसे बोलत नाही. केंद्र सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने सर्वांत अधिक हानी झालेले जे चार जिल्हे नोंदले, त्यांत आमचा उस्मानाबाद आहे. मास्तराने इतिहास शिकवावयाचा तर हे पानही उघडावयास हवे.

त्या काळात स्वामीजी स्वतः बहुधा तुरुंगातच. 1947 च्या 15 ऑगस्टला त्यांना अटक झाली, नोव्हेंबरात सुटले, 26 जानेवारी 1948 ला पुन्हा आत, आणि निजाम शरण गेल्यावरच बाहेर.

विजयानंतर अशा पुढाऱ्याने मंत्रिपद घ्यावे, हे जगरहाटीला धरून झाले असते. ते त्यांनी घेतले नाही. 1952 साली गुलबर्ग्याहून आणि 1957 साली औरंगाबादेहून ते लोकसभेवर गेले खरे. पण ज्या संस्थानात त्यांचा शब्द चालत होता, त्याचेच तीन तुकडे भाषावार करून टाका, म्हणजे मराठी, तेलुगू आणि कन्नड माणसाला आपापल्या भाषेत राज्य मिळेल, असा आग्रह त्यांनी धरला. पंडित नेहरूंना आरंभी ते पसंत नव्हते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्य संपले, आणि त्याबरोबर स्वामीजींचे राजकारणही बहुतांशी ओसरले. बसल्या फांदीवर कुऱ्हाड घालणारा माणूस शहाणा की वेडा, हे वाचकांनीच ठरवावे. हिप्परग्यात ज्या मुलांना मराठीतून शिकविले, त्यांच्या बाजूने पाहता मला तरी तो सरळ हिशेब वाटतो.

दरम्यान 1950 साली नांदेडला पीपल्स कॉलेज उभे राहिले, त्यामागेही तेच होते. निजामाच्या काळी पदवीसाठी हैदराबाद गाठावे लागे. आता नांदेडच्या मुलाला घरची भाकरी खाऊन पदवी मिळू लागली. वृद्धपणी स्वामीजी हैदराबादेस बेगमपेठेत आश्रमात राहत. 22 जानेवारी 1972 रोजी ते गेले.

1994 साली नांदेडला त्यांच्या नावाचे विद्यापीठ झाले. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. धाराशिव येत नाही. हिप्परग्याच्या मुलांना पदवी मिळते ती औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, विद्यापीठाची.