कंसातलं हैदराबाद

स्पिटफायरच्या कुठल्याही किटची पहिली परीक्षा पंखावर होते. खऱ्या विमानाचा पंखविस्तार ११.२३ मीटर. म्हणजे १:७२ प्रमाणात तो १५.६ सेंटिमीटर भरला पाहिजे. बाजारात नव्याने आलेलं स्पिटफायर मार्क ८ चं किट मी मागवलं, पंखांचे भाग चौकटीतून कापून गोंद न लावता जुळवले आणि कॅलिपर लावला. बरोबर १५६ मिलिमीटर. माप जुळूनही आकार फसलेली किट्स असतात, पण इथे ती प्रसिद्ध लंबवर्तुळाची रेघसुद्धा टोकापर्यंत नीट उतरली आहे.

मार्क ८ ची गोष्ट सॉफ्टवेअरवाल्यांना लगेच कळेल. जर्मनांचं फॉके-वुल्फ १९० आलं आणि स्पिटफायर मार्क ५ एकदम मागे पडलं. नवीन, दोन टप्प्यांच्या सुपरचार्जरचं मर्लिन इंजिन तयार होतं. त्यासाठी नीट बदललेला सांगाडा, म्हणजे मार्क ८, यायला मात्र वेळ होता. मग तेच इंजिन मार्क ५ च्या सांगाड्यात बसवून मार्क ९ काढलं. हे हॉटफिक्स इतकं चाललं की युरोपात युद्ध संपेपर्यंत तेच वापरात राहिलं. मार्क ८ हे त्याच इंजिनाचं शिस्तीत केलेलं रिलीज : आत ओढलं जाणारं शेपटीचं चाक, पंखांच्या मुळाशी जादा इंधनाच्या छोट्या टाक्या, आखूड एलेरॉन, नाकाखाली धुळीचा फिल्टर. हे विमान गेलं भूमध्य सागराकडे, ऑस्ट्रेलियाकडे आणि आपल्याकडे, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर.

किटमध्ये या चारही गोष्टी आहेत. तक्रार करायचीच तर पत्र्यांच्या जोडांच्या रेघांबद्दल करता येईल. ०.२ मिलिमीटरची रेघ नाजूक दिसते, पण ७२ ने गुणा : १४.४ मिलिमीटर. खऱ्या विमानाच्या अंगावर बोट जाईल एवढ्या फटी कुणी ठेवल्या नव्हत्या. पण ही तक्रार जवळपास सगळ्याच किट्सबद्दल करता येते. रंगाचा एक हात बसला की ती निम्मी मिटते.

मी हे किट घेतलं ते मात्र रंगचिन्हांसाठी. १५२ स्क्वाड्रनच्या मार्क ८ विमानांवर झेप घेणारा काळा बिबट्या रंगवलेला असे, थेट गोल राष्ट्रचिन्हावरून उडी मारणारा. त्या गोलात लाल ठिपका नाही. जपानी विमानांवरच्या लाल सूर्याशी गल्लत होऊन आपल्याच तोफा आपल्याच विमानावर चालू नयेत म्हणून या आघाडीवर लाल रंग काढून टाकला होता. गडद निळ्यात फिका निळा, त्यावर काळा बिबट्या. शोकेसमध्ये ठेवल्यावर बघणाऱ्याची नजर तिथेच जाणार.

या स्क्वाड्रनचं पूर्ण नाव '१५२ (हैदराबाद) स्क्वाड्रन, रॉयल एअर फोर्स'. बोधचिन्हावर निजामाची पगडी, म्हणजे दस्तार. ब्रीदवाक्याचा अर्थ 'विश्वासू मित्र'. पहिल्या महायुद्धातल्या मदतीबद्दल इंग्रजांनी १९१८ मध्ये सातवा निजाम मीर उस्मान अली खान याला 'यार-ए-वफादार' ही पदवी दिली, तिचाच हा इंग्रजी अवतार. त्या युद्धातही ११० स्क्वाड्रनची डीएच.९ए विमानं निजामाच्या पैशाने आली होती. त्यातलं एफ१०१० हे विमान जर्मनांच्या हाती पडलं, पुढे पोलंडमध्ये राहिलं आणि आता ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममध्ये आहे. दुसऱ्या युद्धात निजामाने पुन्हा लढाऊ विमानांसाठी पैसा दिला आणि हैदराबाद हे नाव स्क्वाड्रनच्या नावात कंसात जाऊन बसलं.

प्रोग्रॅमिंगमध्ये फंक्शनच्या नावापुढच्या कंसात लिहितात ते त्याला बाहेरून पुरवलेलं इनपुट. इथेही तसंच आहे. वैमानिक ब्रिटनचे आणि राष्ट्रकुलातल्या देशांचे, विमानं ब्रिटनमध्ये घडलेली, आणि कंसात ज्याने पैसा पुरवला त्याचं नाव.

मी राजुऱ्याचा. वर्धा नदीच्या अलीकडे राजुरा, पलीकडे बल्लारपूर. आज दोन्ही चंद्रपूर जिल्ह्यात आहेत, पण तेव्हा ही नदी सरहद्द होती. उत्तरेला इंग्रजांच्या मध्य प्रांतातला चांदा जिल्हा, दक्षिणेला निजामाच्या राज्यातला आदिलाबाद. राजुरा आदिलाबादेत होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो नांदेड जिल्ह्याला जोडला आणि १९५९ मध्ये चांद्याला आला. आमच्याकडे १७ सप्टेंबरला मुक्तिदिन साजरा होतो तो म्हणूनच. घरातल्या जुन्या कागदांवर फसली सन आहे आणि रकमा हाली सिक्क्यात आहेत. तेव्हा कंसातल्या त्या हैदराबादमध्ये आमचं गावही येतं.

आता हिशेब करू. १९४० मध्ये विमानासाठी देणगी देणाऱ्यांना एका स्पिटफायरची किंमत ५,००० पौंड सांगितली जाई. खरा खर्च जास्त होता, ५,००० हा वर्गणीचा आकडा. रुपयाचा दर १ शिलिंग ६ पेन्स, म्हणून ६६,६६७ रुपये कलदार. हाली सिक्का कलदारापेक्षा हलका, साधारण ७ हाली म्हणजे ६ कलदार. म्हणजे एका स्पिटफायरचे जवळजवळ ७७,८०० हाली रुपये. पैसा दिवाणी तिजोरीतला असो की निजामाच्या खासगी सर्फ-ए-खास मुलखातला, तो गोळा व्हायचा शेतसाऱ्यातून, अबकारीतून, जंगलातून. एखाद्या डोंगरी गावाचा पिढ्यान् पिढ्यांचा सारा एका विमानात उडून गेला असता.

त्याच सालाची दुसरी बाजू बघा. बॅटल ऑफ ब्रिटनचा अधिकृत काळ १० जुलै ते ३१ ऑक्टोबर १९४०. १५२ स्क्वाड्रन तेव्हा डॉर्सेटमधल्या वॉर्मवेल तळावरून जुनी मार्क १ स्पिटफायर उडवत होती. पोर्टलंडच्या आरमारी बंदराकडे येणाऱ्या जर्मन विमानांना अडवणं हे तिचं काम. आणि त्याच महिन्यांत, आमच्या जिवतीच्या डोंगरांना लागून असलेल्या जोडेघाटला, निजामाच्या सशस्त्र पोलिसांनी कोमरम भीम आणि त्याच्या साथीदारांना गोळ्या घालून मारलं.

'आरआरआर' सिनेमामुळे भीमचं नाव आता देशभर ठाऊक आहे. पण सिनेमातला भीम बराचसा कल्पनेतला आहे. खरा भीम गोंड शेतकरी. जंगल राखीव झालं, चराईवर कर बसला, डोंगरउतारावरची शेती गुन्हा ठरली, बाहेरून आलेल्यांच्या नावावर जमिनी चढल्या. भीमने जोडेघाट आणि आसपासच्या बारा गावांसाठी जल, जंगल, जमिनीचा हक्क मागितला. त्याच्याबद्दल सांगितल्या जाणाऱ्या कथेत आमचं चांदाही येतं. जमिनीच्या भांडणात हातून खून झाल्यावर तो नदी ओलांडून चांद्याला पळाला आणि तिथे एका छापखानेवाल्याच्या आसऱ्याने लिहायला-वाचायला शिकला. निजामाच्या हद्दीतून सुटायला माणसं इंग्रजांच्या हद्दीत जात, तेवढ्यासाठी ही नदी कामाची होती.

पुढचा भाग आणखी विलक्षण. या उठावानंतर निजामाच्या सरकारला गोंडांचं दुखणं समजून घ्यावंसं वाटलं. हे काम ज्याच्याकडे आलं तो मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ, ऑस्ट्रियन. युद्ध सुरू झालं तेव्हा त्याच्याकडे जर्मन पासपोर्ट होता, म्हणून इंग्रजांच्या लेखी तो शत्रूराष्ट्राचा नागरिक. त्याला हैदराबाद संस्थानात राहायची मुभा मिळाली, बाहेर पडायची नाही. थोडक्यात, संस्थानाचा पैसा जर्मन विमानं पाडायला गेला आणि संस्थानातल्या गोंडांचं म्हणणं सरकारपर्यंत पोचवलं एका जर्मन पासपोर्टवाल्याने. त्याच्या कामातून गोंडी शिक्षकांसाठी मार्लवाईचं प्रशिक्षण केंद्र उभं राहिलं, काही गोंडांना जमिनीचे पट्टेही मिळाले. १९४८ मध्ये आदिलाबादच्या राजगोंडांवरचं त्याचं पुस्तक आलं.

यावरून वैमानिकांना दोष देणं सोपं आहे, पण ते बरोबर नाही. १९४४ मध्ये इंफाळला वेढा पडला तेव्हा आतल्या सैन्याला रसद विमानांनीच पोचवली. ती वाहतूक चालू राहिली ती आकाश स्पिटफायरसारख्या विमानांच्या ताब्यात होतं म्हणून. जपानी सैन्य तिथून पुढे आलं असतं तर हिंदुस्थानाचं काय झालं असतं, हा प्रश्न राजुऱ्यालाही लागू होता. विमान चांगलं होतं आणि लढाई लढण्याजोगी होती. प्रश्न आहे तो कंसाचा. 'हैदराबाद' लिहिलं की राजा आणि रयत यांच्या वतीने एकच सही झाल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात सही एकाची होती. ज्यांच्या नावाने ती झाली, त्यातल्या काहींचं त्या राज्याशी त्याच महिन्यांत गोळीबारापर्यंत गेलेलं भांडण चालू होतं.

तर किटबद्दल माझं मत : आकार उत्तम, बारकावे योग्य ठिकाणी, बिबट्याचं डेकल पातळ आणि नीट बसणारं. कस्टम धरून अडीच हजारांत हे महाग नाही. माहितीपत्रकात फिल्टरपासून शेपटीच्या चाकापर्यंत सगळं आहे, स्क्वाड्रनचं नावही कंसासकट छापलं आहे. त्या कंसाबद्दल एक ओळसुद्धा नाही. ती किट बनवणाऱ्याने लिहावी अशी माझी अपेक्षाही नाही. युरोपात बसलेल्या माणसाला जिवतीचे डोंगर कुठून माहीत असणार?

मॉडेल प्रदर्शनात ठेवताना खाली एक पाटी लागते. विमान, प्रमाण, स्क्वाड्रन, आघाडी, साल एवढं लिहायची पद्धत आहे. आपल्या भागातल्या कुणी हे किट केलं तर त्या पाटीवर आणखी एक ओळ मावते : '१९४०, वॉर्मवेल आणि जोडेघाट'. पहिलं नाव विमानवेड्यांना आधीच माहीत असतं. दुसऱ्याबद्दल कुणी विचारलं, तर सांगायला सुरुवात कुठून करायची ते आपल्याला ठाऊक आहे.