जंगल, चाचे आणि आठवड्याचा एक कार्यक्रम

जंगल पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, फाइल करप्ट झालीये. जंगल म्हणजे झाडंझुडपं नव्हेत :-) नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये जन्मलेलं हे नाचायचं संगीत. ड्रम मिनिटाला १६०-१७० ठोक्यांनी सुसाट पळतात आणि खालचा बास मात्र निम्म्या वेगाने, रेगेच्या ऐटीत डुलत चालतो. त्यातले कितीतरी ड्रम एकाच ठिकाणाहून उचललेत: 'द विन्स्टन्स' या अमेरिकन बँडच्या १९६९ च्या 'अमेन, ब्रदर'मधला जेमतेम सहा-सात सेकंदांचा तुकडा. सँप्लरवर त्याचे काप करायचे आणि हवे तसे उलटसुलट जोडायचे. अर्ध्या तासाने माझा कान ड्रम सोडून बासवर बसला आणि मग मजा यायला लागली. एकच गाणं ऐकून बंद केलं असतं तर आजही मी त्याला गोंगाटच म्हटलं असतं.

तर मुद्दा या अर्ध्या तासाचा आहे. असलं मूठभरांचं संगीत रेडिओवर नेमाने वाजवावं का?

ब्रिटनमध्ये हे भांडण जुनंच. साठच्या दशकात बीबीसी पॉप पुरेसं वाजवत नाही म्हणून काही मंडळींनी समुद्रात जहाजं उभी करून तिथून गाणी लावली. अक्षरशः समुद्री चाचे! ऑगस्ट १९६७ मध्ये सरकारने कायदा करून त्यांची कोंडी केली आणि ३० सप्टेंबरला बीबीसीने स्वतःचं रेडिओ वन सुरू केलं. त्यावरचा पहिला निवेदक टोनी ब्लॅकबर्न. हा गडी आधी जहाजांवरच होता!

जंगलचे चाचे समुद्रात नव्हते, उंच इमारतींच्या गच्च्यांवर होते. हॅकनी भागातलं कूल एफएम १९९१ मध्ये सुरू झालं. अशा स्टेशनांची रचना मला फार आवडते. स्टुडिओ कुठल्यातरी फ्लॅटमध्ये, ट्रान्समीटर दुसऱ्याच इमारतीवर आणि मध्ये मायक्रोवेव्ह लिंक. छापा पडला तर ट्रान्समीटर जप्त होई, पण माणसं आणि रेकॉर्ड्स बचावत. श्रोते फोन करत, एमसी त्यांची नावं घेई. हे सगळं निरुपद्रवी होतं असं मी म्हणणार नाही. दुसऱ्यांच्या लहरींवर अतिक्रमण होत होतंच, आणि १९९० च्या कायद्याने शिक्षाही कडक झाल्या होत्या. तरीही पोरं गच्चीवर चढत होती, कारण दुसरीकडे हे संगीत रोज ऐकायला मिळतच नव्हतं.

'मागणी नाही' म्हणावं तर १९९४ मध्ये एम-बीट आणि जनरल लेव्हीचं 'इन्क्रेडिबल' ब्रिटनच्या पहिल्या दहांत गेलं होतं. पण एक गाणं हिट होणं वेगळं. जंगलमध्ये एक रेकॉर्ड दुसरीत मिसळत जाते, त्या प्रवाहात त्याचा अर्थ लागतो. दुपारच्या गप्पांमध्ये तीन मिनिटं जंगल लावणं म्हणजे श्रोत्यावरही अन्याय आणि जंगलवरही. त्यामुळे 'सगळीकडे थोडं थोडं वाजवा' हे मला पटत नाही. आठवड्याला ठरलेली वेळ द्या, आणि वाजवायला त्यातलाच माणूस बसवा.

रेडिओ वनने जुलै १९९५ मध्ये नेमकं हेच केलं. 'वन इन द जंगल' हा साप्ताहिक कार्यक्रम, आणि त्यात आळीपाळीने येणारे डीजे जंगलमधलेच. १९९७ मध्ये ब्रिस्टलच्या रोनी साइझ आणि रेप्रझेंटच्या 'न्यू फॉर्म्स'ला मर्क्युरी पारितोषिक मिळालं, तेही रेडिओहेडचा 'ओके कम्प्युटर' स्पर्धेत असताना. ते रेडिओमुळेच मिळालं असा दावा मी करत नाही. १९९८ पासून फॅबिओ आणि ग्रूव्हरायडर तिथे दर आठवड्याला येऊ लागले.

काहींना हे उपकार वाटतात. अहो, कसले उपकार? बीबीसीचा रेडिओ चालतो टीव्ही लायसन्सच्या पैशांवर, आणि ते पैसे त्या उंच इमारतींमधली घरंही भरत होती.

एक गोष्ट मात्र गेली. देशभर ऐकू जाणाऱ्या स्टेशनवर गल्लीतल्या पोरांची नावं कोण घेणार? ते काम चाच्यांकडेच राहिलं. १९९४ मध्ये सुरू झालेल्या रिन्स एफएमला परवाना मिळायला २०१० उजाडलं.

फॅबिओ-ग्रूव्हरायडरचा कार्यक्रम २०१२ मध्ये बंद झाला. गंमत म्हणजे त्याच वर्षी फेब्रुवारीत डीजे फ्रेश आणि रिटा ओराचं 'हॉट राइट नाऊ' ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. जंगलमधून निघालेल्या ड्रम अँड बेसचं हे पहिलंच अव्वल गाणं. बीबीसीने तरी ती वेळ बंद केली नाही, तिथे फ्रिक्शन नावाचा नवा डीजे बसवला.